कपाटातील कॅसेट ते संपादनाचा पडदा : कॅमकॉर्डरच्या चित्रीकरणाचे रूपांतर करताना

गोव्यातील गावोगावच्या उत्सवी रंगमंचावर झालेली मराठी नाटके, दशावतारी काले, चतुर्थीतील फुगड्या, शिगम्याचे रोमटामेळ, घरची मुंज, लग्न, बारसे यांचे हौशी चित्रीकरण साधारण १९९० पासून पुढची वीस-पंचवीस वर्षे कॅमकॉर्डरवर होत राहिले. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि हे कॅमेरे कपाटात गेले. त्यांच्यासोबत कॅसेटी, छोट्या डिस्क आणि मेमरी कार्डेही गेली. आता एखाद्या नाट्यमंडळाचा सुवर्णमहोत्सव येतो, दिवंगत नटाच्या स्मरणार्थ अर्ध्या तासाची ध्वनिचित्रफीत करायचे ठरते, आणि हा सारा ऐवज पुन्हा बाहेर निघतो.

अडचण तिथूनच सुरू होते. कार्डावरील फाइल संपादन सॉफ्टवेअर घेतच नाही; घेतली तर चित्र दिसते पण आवाज येत नाही; दोन्ही आले तर चित्र अडखळत चालते. कॅसेट असेल तर ती संगणकाला जोडायची कशी, हाच प्रश्न असतो. मग इंटरनेटवर सापडलेला पहिला ‘कन्व्हर्टर’ उतरवून घेतला जातो, एक कळ दाबली जाते, हवी तशी फाइल मिळते आणि मूळ फाइल जागा अडवते म्हणून पुसली जाते. कॅसेट असेल तर ती भंगारात जाते. जे पुन्हा कधीही चित्रित होणार नाही त्याचे नुकसान या शेवटच्या टप्प्यावर होते, आणि ते बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक शब्द, तीन कामे

‘रूपांतर’ हा एकच शब्द व्यवहारात तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिले काम म्हणजे टेपवरील चित्रीकरण संगणकावर उतरवून घेणे. दुसरे, फाइलचा केवळ डबा बदलणे. तिसरे, आतील चित्र उलगडून ते दुसऱ्या पद्धतीने नव्याने रचणे, म्हणजेच पुनर्संकेतन. पहिली दोन कामे नीट झाली, तर डिजिटल चित्रीकरणाचा एक कणही कमी होत नाही. तिसऱ्यात मात्र बहुतेक वेळा काहीतरी जाते आणि गेलेले परत येत नाही. म्हणून आपल्याला यांपैकी नेमके कोणते काम करायचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

त्यासाठी डबा आणि आतील माल यांतील फरक समजला पाहिजे. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही, एमटीएस ही डब्यांची नावे आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसते ते हेच. डब्याच्या आत चित्र आणि आवाज ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. डीव्ही, एमपेग-२, एच.२६४ ही चित्राच्या कोडेकांची नावे, तर पीसीएम आणि डॉल्बी डिजिटल ही आवाजाची. एकाच एच.२६४ चित्राला एमटीएस डब्यात ठेवता येते आणि एमपी४ डब्यातही. पोहे पत्र्याच्या डब्यातून काचेच्या बरणीत ओतले म्हणून पोहे बदलत नाहीत, तसेच हे आहे.

संपादन सॉफ्टवेअर फाइल नाकारते त्याची कारणेही तीनच असतात. एकतर त्याला डबा ओळखता येत नाही. किंवा डबा ओळखतो, पण आतील चित्राचा अथवा आवाजाचा कोडेक समजत नाही. किंवा सारे समजते, पण संगणकाची ताकद अपुरी पडते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नेमके कारण शोधण्यासाठी ‘मीडियाइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. त्यात फाइल उघडली की डबा, कोडेक, चित्राची लांबी-रुंदी, सेकंदाला किती फ्रेम, आवाजाचा प्रकार ही सारी माहिती एका पानावर दिसते. रोग्याची नाडी पाहावी तशी ही तपासणी आधी करावी, औषध त्यानंतर.

कोणत्या कॅमेऱ्यात काय दडले आहे

व्हिडिओ-८, हाय-८ आणि व्हीएचएस-सी या कॅसेटींवरील चित्र ॲनालॉग असते. तिथे फाइल नावाची गोष्टच नाही. विद्युत संकेत आहे आणि तो संगणकासाठी आकड्यांत बदलून घ्यावा लागतो.

१९९५ मध्ये आलेल्या मिनीडीव्ही कॅसेटीवर आणि १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल-८ वर चित्र डीव्ही कोडेकमध्ये, म्हणजे मुळातच आकड्यांच्या रूपात नोंदलेले असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचा आकार ७२० गुणिले ५७६ बिंदू असतो. २००३ नंतर त्याच छोट्या कॅसेटीवर एचडीव्ही हे उच्च दर्जाचे चित्र नोंदवणारे कॅमेरे आले. त्यात एमपेग-२ कोडेक असतो.

त्याच सुमारास आठ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रीकरण करणारे आणि अंगभूत हार्ड डिस्क असलेले कॅमेरेही घराघरांत आले. त्यांतही बहुधा एमपेग-२ चित्रच असते. डिस्कवरील फायली व्हीओबी, तर हार्ड डिस्कच्या कित्येक कॅमेऱ्यांतील फायली एमओडी नावाच्या असतात. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी ही पद्धत जाहीर केली. एमटीएस नावाच्या फायली दिसल्या की त्या याच घराण्यातील समजाव्यात. त्यांत चित्र एच.२६४ मध्ये आणि आवाज बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटलमध्ये असतो.

टेपवरून उतरवताना

मिनीडीव्ही आणि डिजिटल-८ च्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. कॅमेऱ्यावरील फायरवायर खोबणीतून, जिच्यावर सोनीच्या कॅमेऱ्यांत ‘आय-लिंक’ असे लिहिलेले असते, टेपवरील आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. ही नक्कल आहे, रूपांतर नव्हे. तासाभराच्या कॅसेटीला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. याउलट पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी कॅमेरा स्वस्त यूएसबी उपकरणाला जोडला, तर आकड्यांतील चित्र आधी ॲनालॉग होते, मग पुन्हा आकड्यांत येते आणि वर दाबलेही जाते. अशा फाइलमध्ये कॅसेटीवर नोंदलेली चित्रीकरणाची तारीख-वेळही उरत नाही. फायरवायरने घेतलेल्या डीव्ही फाइलमध्ये ती प्रत्येक फ्रेमसोबत टिकून राहते. कोणत्या वर्षीच्या जत्रेतील नाटक, या वादाचा निकाल पुढे त्या नोंदीवरूनच लागू शकतो. कित्येक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांना यूएसबी खोबणीही असते. पण ती बहुधा स्थिरचित्रांसाठी किंवा कमी दर्जाच्या चित्रासाठी दिलेली असते, टेप उतरवण्यासाठी नव्हे.

खरी अडचण फायरवायर मिळण्याची आहे. नव्या लॅपटॉपवर ही खोबणी नसते. टेबलावरील संगणकात फायरवायर कार्ड बसवणे, किंवा एखादा जुना चालू संगणक याच कामासाठी राखून ठेवणे, हे त्यातल्या त्यात सोपे मार्ग. मॅक वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे : ॲपलने २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहो या आवृत्तीपासून फायरवायरचा आधार काढून घेतला आहे. त्यामुळे या कामासाठी जुनी प्रणाली असलेला मॅकच हाताशी लागतो.

हाय-८ आणि व्हिडिओ-८ कॅसेटींसाठी डिजिटल-८ कॅमेऱ्याचा शोध घेणे फायद्याचे ठरते. त्यांतील अनेक नमुने जुन्या कॅसेटी वाजवतात आणि तेच चित्र डीव्ही रूपात फायरवायरमधून बाहेर देतात. ते न मिळाल्यास पिवळ्या तारेऐवजी एस-व्हिडिओची खोबणी वापरावी. तीत प्रकाश आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जात असल्याने चित्र अधिक स्वच्छ येते.

गोव्यासारख्या दमट हवेत आणखी एक संकट असते, ते बुरशीचे. कॅसेटीच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे डाग दिसले, तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. एक बुरसटलेली फीत कॅमेऱ्याचे हेड खराब करते आणि तोच कॅमेरा पुढच्या निरोगी फितींना ती बाधा पोहोचवतो. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडेच द्यावी.

कार्ड, डिस्क आणि हार्ड डिस्कवरून घेताना

एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या कार्डावर फोल्डरात फोल्डर अशी मोठी उतरंड असते. केवळ एमटीएस फायली उचलून बाकीचे सोडून देण्याचा मोह होतो, तो टाळावा. दीड-दोन तासांचे नाटक सलग चित्रित केले, तरी कार्डाच्या रचनेमुळे कॅमेरा त्याचे ठरावीक आकाराचे तुकडे करतो. ते तुकडे कोणत्या क्रमाने, कसे जुळतात याची नोंद इतर फोल्डरांत असते. म्हणून संपूर्ण कार्ड जसेच्या तसे हार्ड डिस्कवर उतरवावे आणि त्या प्रतीवरूनच पुढील काम करावे. तुकडे जोडताना कॅमेऱ्यासोबत आलेले सॉफ्टवेअर वापरले, तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटत नाही. ते हरवले असेल, तर एव्हीसीएचडीची उतरंड ओळखणाऱ्या संपादन सॉफ्टवेअरला सुटी फाइल न देता पूर्ण फोल्डर दाखवावा.

छोट्या डीव्हीडीच्या बाबतीत मेख वेगळीच असते. चित्रीकरण संपल्यावर डिस्क ‘फायनलाइझ’ केलेली नसेल, तर संगणकाला ती कोरी वाटते. ते काम सहसा ज्या कॅमेऱ्याने चित्रीकरण झाले त्यातच करावे लागते. म्हणून डिस्क रिकामी दिसते एवढ्यावरून ती टाकून देऊ नये. आधी तिचा कॅमेरा शोधावा.

फक्त डबा बदलावा तेव्हा

एमटीएस फाइल संपादकात येत नसेल, तर बहुतेक वेळा डबा बदलण्याने काम भागते. एफएफएमपेग या मोफत साधनात ‘कॉपी’ हा पर्याय त्यासाठीच आहे. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा सराव नाही, त्यांना शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तेच काम ‘रीरॅप’ या नावाने सापडते. तासाभराची फाइल यात काही मिनिटांत पालटते, कारण चित्र उलगडलेच जात नाही. काम इतक्या लवकर उरकणे, ही डबाच बदलल्याची एक सोपी खूण आहे. तासन् तास लागले, तर पुनर्संकेतन चालू आहे असे समजावे.

चित्र येते पण आवाज येत नाही, ही तक्रार डॉल्बी डिजिटलमुळे उद्भवते; त्याचा परवाना प्रत्येक संपादन सॉफ्टवेअरमध्ये नसतो. अशा वेळी चित्र ‘कॉपी’ करावे आणि केवळ आवाज पीसीएममध्ये उलगडून एमओव्ही डब्यात ठेवावा. आवाज दुरुस्त करण्यासाठी चित्राला हात लावण्याचे कारण नाही.

हँडब्रेक हे लोकप्रिय मोफत सॉफ्टवेअर येथे जपून वापरावे लागते. ते उत्तम आहे, परंतु ते चित्राचे नेहमीच पुनर्संकेतन करते. तयार ध्वनिचित्रफीत नातेवाइकांना पाठवण्यासाठी ते योग्य. मूळ चित्रीकरण संपादनासाठी सिद्ध करण्यास नव्हे.

पुनर्संकेतन अटळ ठरते तेव्हा

डीव्ही चित्रात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. एच.२६४ आणि एचडीव्हीतील एमपेग-२ यांची रीत वेगळी. त्यांत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेमांत केवळ काय बदलले तेवढे लिहिलेले असते. दुकानदाराने वहीत रोजची शिल्लक न लिहिता फक्त जमा-खर्च लिहावा, तसे. कागद वाचतो, पण एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल तर मागून सारा हिशेब मांडावा लागतो. संपादनात प्रत्येक काटछाटीला संगणकाला हाच हिशेब करावा लागतो आणि जुना संगणक तिथे अडखळतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ‘प्रॉक्सी’ : संपादनापुरत्या हलक्या दुय्यम प्रती तयार करायच्या आणि शेवटची फीत मात्र मूळ फायलींवरून काढायची. आजच्या बहुतेक प्रमुख संपादन सॉफ्टवेअरांत ही सोय आहे आणि मूळ चित्रीकरण तिच्यात सुरक्षित राहते. दुसरा म्हणजे ॲपलचा प्रोरेस किंवा ॲव्हिडचा डीएनएक्सएचआर अशा संपादनासाठीच घडवलेल्या कोडेकमध्ये चित्र नेणे. यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते आणि दर्जातील घट डोळ्यांना जाणवत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेची. १७ मेगाबिट वेगाच्या एव्हीसीएचडीचा एक तास आठ गिगाबाइटपेक्षा कमी जागेत मावतो. तोच तास पूर्ण एचडी प्रोरेस ४२२ मध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने सुमारे ५५ गिगाबाइट होतो. फाइल सातपट फुगली म्हणून चित्र सातपट स्पष्ट होत नाही. जे टिपलेच गेले नाही, ते कोणताही कोडेक देऊ शकत नाही.

कंगव्याचे दात आणि लांबट चेहरे

जुन्या कॅमकॉर्डरचे चित्र बहुधा ‘इंटरलेस्ड’ असते. सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तरी प्रत्येक फ्रेम दोन क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या रेषांनी विणलेली असते. म्हणजे सेकंदाला ५० निरनिराळे क्षण. जुन्या दूरचित्रवाणी संचावर हे सुरेख दिसे. संगणकाच्या पडद्यावर मात्र फुगडीचा फेर किंवा ढोलावर पडणारी काठी यांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात. हे दात काढताना बरीच सॉफ्टवेअर अर्ध्या रेषा सरळ टाकून देतात आणि ५० क्षणांचे २५ होतात. हालचालीतील लय हरवते. डीइंटरलेस करायचेच असेल तर ते ५० पूर्ण फ्रेमांत करावे आणि तेही अखेरच्या फितीसाठी. मूळ प्रत इंटरलेस्डच ठेवावी. दात न काढता चित्राचा आकार लहान-मोठा करणे ही तर सर्वांत मोठी चूक. मग दोन क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. डीव्हीमध्ये खालच्या रेषा आधी आणि उच्च दर्जाच्या एचडीव्ही-एव्हीसीएचडी चित्रात वरच्या रेषा आधी येतात. हा क्रम उलटा धरला गेला, तर हालचाल थरथरत पुढे-मागे होताना दिसते.

चेहरे लांबट दिसू लागले, तर दोष बिंदूंच्या आकाराचा असतो. पाल डीव्हीचे ७२० बिंदू चौरस नसतात. ते पडद्यावर साधारण ७६८ बिंदूंच्या रुंदीत पसरले, तर चित्र ४:३ या खऱ्या प्रमाणात दिसते. एचडीव्हीचे १४४० बिंदू १९२० च्या रुंदीत पसरायचे असतात. यासाठी नवे रूपांतर लागत नाही; संपादन सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे प्रमाण योग्य निवडले की पुरते.

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांकडून आलेल्या चित्रीकरणात आणखी एक फरक संभवतो. आखातातील कॅमेरे आपल्यासारखेच पाल पद्धतीचे. अमेरिकेत घेतलेला कॅमेरा मात्र एनटीएससी पद्धतीचा, म्हणजे ४८० रेषांचा आणि सेकंदाला सुमारे ३० फ्रेमचा असतो. दोन्ही एकाच फितीत आणायचे असतील, तर बहुसंख्य चित्रीकरण ज्या पद्धतीचे आहे ती प्रकल्पासाठी निवडावी आणि उरलेल्याचे रूपांतर त्याच वेळी करावे. मूळ प्रतींना हात लावू नये.

दुकानात देताना काय विचारावे

प्रत्येकाला हे घरी जमणार नाही. काम व्यावसायिकाकडे देताना ‘सीडी-डीव्हीडी करून द्या’ किंवा ‘पेनड्राइव्हवर द्या’ एवढेच सांगितले, तर दाबलेली छोटी फाइलच हाती येते. मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरने उतरवणार का, फाइल मूळ डीव्ही कोडेकमध्ये मिळणार का, इंटरलेस्ड चित्र तसेच ठेवणार का, आणि कॅसेट परत मिळणार का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. मोबाइलवर पाहण्यासाठी छोटी एमपी४ हवी असल्यास ती वेगळी मागावी. ती मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

जागेची सबब आता फारशी उरलेली नाही. तासाभराच्या २० मिनीडीव्ही कॅसेटी मूळ रूपात साधारण २६० गिगाबाइट होतात. एक टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कवर त्या सहज मावतात. अशा दोन डिस्क कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी.

वेळ मात्र कमी आहे. युनेस्को आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबाबत जगभर सावधानतेचा इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला, तो फिती विरतात यापेक्षाही त्या वाजवणारी यंत्रे संपत चालली आहेत म्हणून. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैअखेर उत्पादन थांबवले. मिनीडीव्ही कॅमेऱ्यांचे सुटे भागही आता जुन्या बंद कॅमेऱ्यांतूनच काढावे लागतात.

संपादनाचे काम पुढच्या वर्षीही करता येईल, सॉफ्टवेअरही नवी येत राहतील. उतरवून घेण्याचे काम मात्र चालू स्थितीतला कॅमेरा हाताशी आहे तोवरच होणारे आहे. म्हणून गावच्या मंडळाने यंदाच्या उत्सवाआधी कॅसेटींची यादी करावी, वाड्यावर कोणाकडे चालू कॅमेरा आहे याची विचारपूस करावी आणि फीत कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करायची हे ठरण्याची वाट न पाहता मूळ चित्रीकरण आधी सुरक्षित उतरवून घ्यावे. मूळ प्रत शाबूत असली, तर रूपांतरात झालेली चूक पुन्हा बसून दुरुस्त करता येते.